पहिल्या तीन सेकंदांत भूकंपाचे माप

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये दुपारचे २ वाजून ४६ मिनिटे झाली असताना ईशान्य किनाऱ्यावरील इशिनोमाकी शहराजवळच्या भूकंपमापकाने पहिला कंप टिपला. जपानच्या हवामान संस्थेतील संगणकांनी आकडेमोड सुरू केली. ५.४ सेकंदांनी पहिला अंदाज आला : रिश्टर मापनावर ४.३. जपानसारख्या देशात अशा भूकंपाची कोणी दखलही घेत नाही. मात्र ८.६ सेकंदांनंतर हाच अंदाज ७.२ वर पोहोचला आणि ईशान्येकडील जिल्ह्यांतील दूरचित्रवाणी संच, रेडिओ आणि मोबाइल फोन यांवर इशाऱ्याची घंटा वाजली. पुढे सुमारे दोन मिनिटे आकडा वाढत राहिला आणि ८.१ वर थांबला. प्रत्यक्षात तो भूकंप ९.० इतका होता, हे ठरायला दोन दिवस लागले.

४.३ आणि ९.० यांतील फरक कागदावर पावणेपाचाचा दिसतो. ऊर्जेच्या हिशेबात तो एक कोटी पटींहून अधिक आहे. जगातील सर्वांत दाट भूकंपमापक जाळे आणि सर्वांत अनुभवी यंत्रणा हाताशी असतानाही हे घडले. याचे कारण यंत्रांच्या दोषात शोधण्यापेक्षा प्रश्नाच्या स्वरूपात शोधावे लागते. भूकंप अजून चालू असताना, किंबहुना नुकताच सुरू झालेला असताना, तो किती मोठा होणार आहे हे सांगता येते का? गेली साडेतीन दशके भूकंपशास्त्रज्ञ या प्रश्नाशी झुंजत आहेत. त्याचे अर्धे उत्तर हाती आले आहे, आणि त्या अर्ध्या उत्तरावर आज जपान, तैवान, मेक्सिको, अमेरिकेचा पश्चिम किनारा आणि आपल्याकडे उत्तराखंड येथील इशारा यंत्रणा उभ्या आहेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. याला भूकंपाचे भाकीत म्हणता येणार नाही. अमुक दिवशी अमुक ठिकाणी भूकंप होईल असे सांगण्याची विद्या आजही कोणापाशी नाही. येथे भूकंप झालेला असतो. फक्त त्याचा हादरा दूरच्या गावी पोहोचायचा असतो. या मधल्या सेकंदांचा हा खेळ आहे.

दोन लहरींची शर्यत

भूकवचातील खडक प्रस्तरभंगाच्या पृष्ठावर अचानक सरकला की त्यातून मुख्यतः दोन प्रकारच्या लहरी खडकातून धावू लागतात. पहिल्या प्राथमिक लहरी, ज्यांना भूकंपशास्त्रात 'पी' लहरी म्हणतात. या खडकाला पुढे-मागे दाबत-ताणत जातात आणि भूकवचात सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगाने धावतात. त्यांच्या मागून येतात त्या द्वितीयक किंवा 'एस' लहरी. त्या जमिनीला आडव्या हिसकतात, त्यांचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास असतो आणि घरे पाडण्याचे काम प्रामुख्याने त्या व त्यांच्या सोबतच्या पृष्ठलहरी करतात. भूकंप अनुभवलेली माणसे 'आधी एक बारीक थरथर झाली, मग जोराचा धक्का बसला' असे सांगतात, ते या दोन लहरींचेच वर्णन असते. थरथर आणि धक्का यांच्यातील अंतर जितक्या सेकंदांचे, त्याला आठने गुणले की भूकंप किती किलोमीटरवर झाला याचा ढोबळ अंदाज येतो. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांवरून ढगाचे अंतर काढण्यासारखाच हा हिशेब आहे.

भूकंपाच्या लहरी वेगवान खऱ्या, परंतु तारेतून जाणारा विद्युत् संदेश त्यांच्याहून कितीतरी वेगवान. मग केंद्राजवळच्या यंत्राने थरथर टिपताच दूरच्या शहराला संदेश का पाठवू नये? ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. ऑक्टोबर १८६८ मध्ये कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथे मोठा भूकंप झाल्यानंतर काही दिवसांतच जे. डी. कूपर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकात तसा प्रस्ताव मांडला होता. शहराभोवती दूरदूर यंत्रे बसवावीत, जमीन हलताच त्यांनी तारायंत्राने संदेश धाडावा आणि शहराच्या मध्यभागी वेगळ्याच नादाची एक मोठी घंटा वाजावी, अशी ती योजना होती. ती कागदावरच राहिली.

कूपर यांच्या योजनेत एक उणीव होती आणि ती नेमकी या लेखाच्या विषयाची आहे. जमीन हलली एवढे कळून भागत नाही. जगात रोज शेकडो लहान भूकंप होतात. प्रत्येक वेळी घंटा वाजली तर महिन्याभरात लोक तिच्याकडे कान फिरवतील. घंटा वाजवायची की नाही हे ठरवण्यासाठी भूकंपाचा आकार कळला पाहिजे, आणि तोही एस लहरी पोहोचण्याच्या आत.

आकार म्हणजे नेमके काय?

वृत्तपत्रांत भूकंपाची 'तीव्रता' ६.२ होती असे छापले जाते, तेव्हा प्रत्यक्षात त्याची महत्ता सांगितलेली असते. तीव्रता ही जागेनुसार बदलते. किल्लारीत एक, सोलापुरात दुसरी. महत्ता मात्र एका भूकंपाची एकच. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये भूकंपमापकावरील रेषेच्या उंचीवरून ती काढण्याची रीत घालून दिली. हे माप लघुगणकी आहे : आकडा एकाने वाढला की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. मोठ्या भूकंपांच्या बाबतीत रिश्टर यांची मूळ रीत तोकडी पडते, म्हणून १९७९ पासून थॉमस हँक्स आणि हिरू कानामोरी यांनी रूढ केलेली परिबल महत्ता वापरली जाते. प्रस्तरभंगाचा किती मोठा पृष्ठभाग सरकला, किती मीटर सरकला आणि तेथील खडक किती ताठ होता यांच्या गुणाकारातून ती ठरते. सवयीने आपण अजून 'रिश्टर' म्हणतो, इतकेच.

या व्याख्येतच अडचण दडलेली आहे. प्रस्तरभंग एका क्षणात संपूर्ण लांबीभर सरकत नाही. एका बिंदूपाशी, नाभीपाशी, सरकण्यास सुरुवात होते आणि कापड टराटरा फाटत जावे तशी ती भेग सेकंदाला अडीच ते तीन किलोमीटर वेगाने पुढे जाते. महत्ता ६ च्या भूकंपात हे फाटणे पाच-सात सेकंदांत आटोपते. ७ चा भूकंप वीस-तीस सेकंद घेतो, ८ चा एक मिनिट किंवा त्याहून अधिक. २००४ च्या सुमात्रा भूकंपात सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची भेग पडत जायला आठ मिनिटांहून अधिक काळ लागला. तीन सेकंदांच्या नोंदीवरून अशा भूकंपाचा आकार सांगणे म्हणजे ख्यालाच्या पहिल्या स्वरावरून मैफल किती वेळ चालणार ते सांगण्यासारखे आहे.

घंटी आणि घंटा

तरीही काही प्रमाणात ते सांगता येते, हे प्रथम दाखवून दिले ते जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेतील युताका नाकामुरा यांनी. रेल्वेला या प्रश्नात विशेष रस असणे स्वाभाविक होते. ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या शिंकान्सेन गाडीला थांबायला मिनिटाहून अधिक वेळ लागतो. धक्का बसण्याच्या आधी काही सेकंद जरी वीज तोडून ब्रेक लागले तरी गाडीचा वेग बराच उतरतो. नाकामुरा यांनी १९८८ मध्ये मांडलेली पद्धत लहरीच्या उंचीऐवजी तिच्या आवर्तकालावर, म्हणजे एका हेलकाव्याला लागणाऱ्या वेळेवर, आधारलेली होती.

यामागील तत्त्व घरगुती उदाहरणाने समजते. देवघरातील लहान घंटी किणकिणते, देवळाची मोठी घंटा घुमते. डोळे मिटूनही नादावरून धातू किती मोठा आहे हे कळते, कारण मोठी वस्तू सावकाश कंपते. खडकाचा लहान तुकडा सरकला तर झटपट, तीक्ष्ण लहरी निर्माण होतात. मोठा पृष्ठभाग सरकू लागला तर लहरींमध्ये सावकाश, लांब हेलकाव्यांचा भरणा होतो. शिवाय आवर्तकालाचा एक मोठा व्यावहारिक फायदा असा, की तो अंतरानुसार फारसा बदलत नाही. लहरीची उंची मात्र अंतराबरोबर घटते, त्यामुळे दूरचा मोठा भूकंप आणि जवळचा लहान भूकंप उंचीवरून सारखेच भासू शकतात.

नाकामुरा यांच्या यंत्रणेला 'युरेडास' असे नाव मिळाले. १९९२ पासून ती तोकाइदो शिंकान्सेन मार्गावर कामाला लागली. एकाच ठिकाणचे यंत्र पी लहरीच्या पहिल्या तीनेक सेकंदांवरून भूकंपाची महत्ता, दिशा आणि अंतर यांचा अंदाज बांधी आणि गरज भासल्यास थेट वीजपुरवठा तोडी. मधे माणूस नाही, मध्यवर्ती कार्यालयही नाही.

पुढे कॅलिफोर्निया तंत्रशास्त्र संस्थेतील कानामोरी यांनी या पद्धतीला अधिक स्थिर रूप दिले. पी लहर पोहोचल्यापासून तीन सेकंदांत जमीन किती सरकली याच्या वर्गांची बेरीज आणि ती किती वेगाने सरकली याच्या वर्गांची बेरीज घ्यायची, त्यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावरून सरासरी आवर्तकाल काढायचा. तैवानमधील यिह-मिन वू यांच्यासह त्यांनी त्याला दुसऱ्या एका मापाची जोड दिली : त्याच तीन सेकंदांतील जमिनीचे कमाल विस्थापन. आवर्तकाल एक सेकंदाहून अधिक आणि विस्थापन अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक असेल, तर येणारा भूकंप नुकसानकारक असण्याची शक्यता फार मोठी, असा त्यांचा निष्कर्ष होता. अर्धा सेंटिमीटर म्हणजे हाताच्या करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढे अंतर. माणसाला कदाचित जाणवणारही नाही अशा या हालचालीवर शाळा रिकामी करायची की नाही हे ठरू शकते.

तैवानला हा खटाटोप करावासा वाटण्यामागे अनुभव होता. १५ नोव्हेंबर १९८६ रोजी पूर्व किनाऱ्यावरील हुआलिएनजवळ भूकंप झाला. मोठी हानी मात्र सुमारे १२० किलोमीटर दूर असलेल्या तैपेई शहराच्या भागात झाली. एवढे अंतर कापायला एस लहरींना तीस सेकंदांहून अधिक वेळ लागतो. तो वेळ वाया गेला होता.

सुरुवातीलाच शेवट ठरलेला असतो?

तीन सेकंदांची ही पद्धत साधारण साडेसहा महत्तेपर्यंत समाधानकारक चालते, कारण तोवर भूकंपाचा बराचसा भाग घडून गेलेला असतो. खरा वाद त्यापुढे सुरू होतो.

२००५ मध्ये एरिक ओल्सन आणि रिचर्ड ॲलन यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक धाडसी दावा केला. ३ ते ८.३ महत्तेच्या, निरनिराळ्या प्रदेशांतील सुमारे सत्तर भूकंपांच्या नोंदी तपासून त्यांनी म्हटले, की पहिल्या काही सेकंदांतील आवर्तकाल आणि भूकंपाची अंतिम महत्ता यांत नाते दिसते, आणि तेही भेग अजून पुढे सरकत असतानाच. याचा अर्थ असा होतो, की मोठा भूकंप जन्मतःच मोठा असतो. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी ही मांडणी. पुढच्याच वर्षी पॉल रायडेलेक आणि शिगेकी होरिउची यांनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला. जपानमधील मोठ्या भूकंपांच्या नोंदींत त्यांना असे नाते आढळले नाही.

हा वाद निव्वळ पंडिती नाही. मोठ्या भूकंपाची सुरुवात वेगळी असेल, तर पुरेशी संवेदनशील यंत्रे आणि हुशार गणित यांच्या बळावर एक दिवस तीन सेकंदांत ९ महत्तेचा भूकंप ओळखता येईल. सुरुवात सारखीच असेल, तर कितीही पैसा ओतला तरी निसर्गाने घातलेली मर्यादा ओलांडता येणार नाही. सह्याद्रीत उन्हाळ्यात लागणाऱ्या वणव्यांशी याची तुलना करता येईल. काडीच्या ठिणगीकडे पाहून एक बांध जळेल की अख्खा डोंगर, हे सांगता येत नाही; ते पुढे गवत किती वाळलेले आहे, वारा कोणीकडचा आहे आणि मधे ओढा आडवा येतो की नाही यांवर ठरते. भूकंपाच्या बाबतीत वाळलेले गवत म्हणजे प्रस्तरभंगावर साठलेला ताण.

गेल्या दशकातील पुरावा वणव्याच्या बाजूने झुकतो. २०१७ मध्ये मेन-आंद्रिन मायर, जाँ-पॉल ॲम्पुएरो आणि थॉमस हीटन यांनी भूपट्टांच्या सीमांवरील शंभराहून अधिक मोठ्या भूकंपांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऊर्जा कशी वाढत जाते आणि ओसरते याचे आलेख त्यांनी एकावर एक ठेवले. सगळ्यांची चढण सारखीच निघाली. फरक होता तो शिखर कधी येते यात. म्हणजे निम्मा भूकंप उलटून गेल्याशिवाय तो किती मोठा हे ठामपणे सांगता येत नाही. २०१९ मध्ये सातोशी इदे यांनी जपानलगतच्या समुद्रातील अशा जोड्या दाखवल्या, ज्यांत एकाच ठिकाणाहून निघालेल्या लहान आणि मोठ्या भूकंपांची पहिली थरथर जवळजवळ हुबेहूब होती. दुसरीकडे, त्याच वर्षी दिएगो मेल्गार आणि गॅव्हिन हेज यांनी उपग्रहाधारित नोंदींवरून म्हटले, की दहा-पंधरा सेकंदांनंतर मोठे भूकंप वेगळे दिसू लागतात, भेग पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी. तीन सेकंदांचा मूळ दावा आता फारसा कोणी करीत नाही. वाद पंधरा सेकंदांचा की निम्म्या कालावधीचा, इथवर आला आहे.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात जे घडले ते या संदर्भात बोलके आहे. पहाटे झालेला ७.८ महत्तेचा भूकंप पूर्व ॲनातोलियाच्या मुख्य प्रस्तरभंगावर सुरू झालाच नाही. तो बाजूच्या एका लहान फाट्यावर सुरू झाला, काही सेकंदांनी मुख्य प्रस्तरभंगाला जाऊन मिळाला आणि मग दोन्ही दिशांना तीनशे किलोमीटरहून अधिक लांब फाटत गेला. पहिल्या सेकंदांत टिपलेली थरथर त्या फाट्याची होती. गूगल कंपनीच्या अँड्रॉइड फोनवरील यंत्रणेने त्या वेळी त्याची महत्ता ४.५ ते ४.९ च्या दरम्यान मोजली. परिणामी 'त्वरित आसरा घ्या' या स्वरूपाचा सर्वांत गंभीर इशारा पहिल्या धक्क्यापूर्वी केवळ ४६९ फोनवर गेला, असे कंपनीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून स्पष्ट झाले. त्याच नोंदी सुधारित गणितातून पुन्हा चालवल्या असता हा आकडा एक कोटीवर गेला असता, असेही त्यांनी नमूद केले. गणितातील चूक सुधारता येते, परंतु फाट्यावरून मुख्य रस्त्याला लागणाऱ्या भूकंपाचा बेत आधी ओळखणे ही निराळी गोष्ट.

थोडा अंदाज, मोठी किंमत

महत्ता कमी मोजली गेली तर काय होते, याचा सर्वांत कटू धडा पुन्हा २०११ च्या जपाननेच दिला. पी लहरींवर आधारलेल्या इशाऱ्याने आपले काम बऱ्याच अंशी केले. किनाऱ्यावरील यंत्रांच्या इशाऱ्याने शिंकान्सेन गाड्यांचे ब्रेक लागले आणि प्रवासी घेऊन धावणारी एकही गाडी रुळावरून घसरली नाही. सेंदाई शहराला जोराचा धक्का पोहोचण्यापूर्वी पंधरा सेकंदांच्या आसपास अवधी मिळाला. परंतु भेग कित्येक शे किलोमीटर पसरत गेली असताना संगणक तिला एकच बिंदू समजत होते. त्यामुळे तोक्यो परिसराचा हादरा कमी लेखला गेला आणि तेथे सार्वजनिक इशारा पोहोचला नाही.

याहून गंभीर चूक त्सुनामीच्या बाबतीत झाली. तीन मिनिटांत महत्ता ७.९ धरून पहिला इशारा निघाला : मियागी जिल्ह्यात सहा मीटर, इवाते आणि फुकुशिमात तीन मीटर उंचीच्या लाटा. ताशी तीन मीटर पावसाचा अंदाज ऐकून कोणी छत्री घेईल का, असा हा प्रश्न नव्हता. किनाऱ्यावर अनेक ठिकाणी तटबंदी त्याहून उंच होती, आणि भिंतीपेक्षा लाट बुटकी असेल तर पळायचे कशाला, असे वाटणे साहजिक होते. २८ मिनिटांनंतर समुद्रातील मापकांच्या नोंदी पाहून मियागीचा आकडा दहा मीटरवर नेला गेला. तोवर अनेक ठिकाणी वीज गेली होती आणि सुधारित इशारा ऐकायला साधन उरले नव्हते. या आपत्तीत मृत आणि बेपत्ता मिळून १८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर २०१३ पासून जपानने रीत बदलली : ८ हून मोठ्या भूकंपाची शंका येताच पहिल्या इशाऱ्यात मीटरचा आकडा न देता 'प्रचंड' एवढाच शब्द द्यायचा. पहिल्या मिनिटांतील आकड्याला आपण नको तितका मान देत होतो, याची ती एक प्रकारे कबुलीच म्हणावी लागेल.

२००४ मध्येही हेच झाले होते. सुमात्राच्या भूकंपानंतर पंधरा मिनिटांनी हवाईतील प्रशांत महासागर त्सुनामी इशारा केंद्राने महत्ता ८.० सांगितली, तासाभराने ८.५; प्रत्यक्षात ती ९.१ किंवा त्याहून अधिक होती. अर्थात त्या वेळी हिंदी महासागरात इशारा यंत्रणाच नव्हती, त्यामुळे तमिळनाडू किंवा अंदमानच्या किनाऱ्यावर आकडा अचूक असता तरी तो सांगणार कोण, हा प्रश्न उरतोच.

यावर उपाय म्हणून आता उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची मदत घेतली जाते. भूकंपमापक जोराच्या हादऱ्यात 'बधिर' होतात, त्यांची पट्टी संपते. उपग्रहाशी जोडलेला ग्राहक मात्र जमीन तीन मीटर सरकली तर तीन मीटर आणि पाच मीटर सरकली तर पाच मीटर, असे सरळ सांगतो. जपानने २०११ नंतर समुद्रतळावर १५० वेधशाळांचे केबलने जोडलेले जाळे अंथरले, जेणेकरून भूकंप जेथे सुरू होतो तेथेच तो टिपला जावा. आणखी एक वाट तर थक्क करणारी आहे. प्रचंड मोठा खडक सरकला की पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात सूक्ष्म बदल होतो आणि तो बदल प्रकाशाच्या वेगाने पसरतो, म्हणजे पी लहरींच्याही आधी पोहोचतो. मार्तीं वाले आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २०११ च्या जपानी भूकंपाच्या नोंदींत हा क्षीण संकेत प्रत्यक्ष दाखवून दिला. २०२२ मध्ये संगणकाला असे संकेत ओळखण्यास शिकवून महत्तेचा मागोवा घेता येतो, असेही दिसून आले. मात्र हा संकेत आठाहून मोठ्या भूकंपांतच हाती लागतो.

उलट बाजूची चूकही घडतेच. ८ ऑगस्ट २०१३ रोजी जपानमध्ये वाकायामा भागात २.३ महत्तेचा क्षुल्लक भूकंप झाला. त्याच वेळी समुद्रतळावरील एका मापकात गोंगाट शिरला, संगणकाने दोहोंची सांगड घातली आणि ७.८ महत्तेचा इशारा देशाच्या मोठ्या भागात पोहोचला. गाड्या थांबल्या, आणि काहीच हलले नाही. अशा अनुभवांनंतर जपानने २०१८ पासून एक साधा पूरक मार्ग स्वीकारला : महत्तेच्या भानगडीत न पडता, शेजारच्या ठिकाणी जमीन प्रत्यक्ष किती हलत आहे ते पाहून पुढच्या ठिकाणाला सावध करायचे. वेळ कमी मिळतो, चूकही कमी होते.

किल्लारी, कोयना आणि दिल्ली

महाराष्ट्रापुरते पाहिले तर एक विचित्र पेच समोर येतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त करणारा भूकंप ६.२ महत्तेचा होता. त्याची भेग काही सेकंदांत पूर्ण झाली असणार. तीन सेकंदांच्या पद्धतीने त्याचा आकार चांगला सांगता आला असता. परंतु हानी झालेली बहुतेक गावे केंद्रापासून वीस किलोमीटरच्या आत होती. वीस किलोमीटर जायला एस लहरीला सहा सेकंद पुरतात. तीन सेकंद मोजणीत, एक-दोन सेकंद संदेश पाठवण्यात गेल्यावर झोपलेल्या माणसाच्या हाती काय उरणार? केंद्राभोवतीच्या या वर्तुळाला 'अंध क्षेत्र' म्हणतात. दगड-मातीच्या जड भिंतींची घरे त्या वर्तुळात होती. तेथे इशाऱ्याहून बांधकामाचाच उपयोग होता.

कोयनेचा हिशेब थोडा निराळा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे ६.३ महत्तेचा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे दगावली. कोयनानगरपासून पुणे सरळ रेषेत सव्वाशे, तर मुंबई दोनशे किलोमीटरवर आहे. एस लहरींना पुण्यास पोहोचायला पस्तीसेक सेकंद, मुंबईस साठच्या आसपास. तसा भूकंप पुन्हा झाल्यास या शहरांना अवधी भरपूर मिळेल, पण त्या आकाराच्या भूकंपात इतक्या दूर फार मोठे नुकसान होण्याची शक्यता कमी. कोयनेचे खरे महत्त्व संशोधनाच्या बाजूने आहे. लहान भूकंप सातत्याने आणि मर्यादित क्षेत्रात होत असल्याने भूकंप सुरू होताना नेमके काय घडते हे जवळून पाहण्यास जगात अशा जागा थोड्याच. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या कराड येथील प्रयोगशाळेमार्फत तेथे तीन किलोमीटर खोल वेधविवर २०१७ मध्ये खोदून झाले आहे.

२६ जानेवारी २००१ चा भूज भूकंप मात्र इशारा यंत्रणेला सर्वस्वी अनुकूल ठरला असता. ७.७ महत्ता, भचाऊजवळचा केंद्रबिंदू आणि तेथून सुमारे २३५ किलोमीटरवर असलेल्या अहमदाबादेत कोसळलेल्या बहुमजली इमारती. एस लहरी तेथे पोहोचायला मिनिटाहून अधिक वेळ लागला. भूकंपाचा आकार ठरायला वीस सेकंद दिले असते, तरी चाळीस सेकंद शिल्लक होते. तळमजल्यावरची माणसे तेवढ्यात रस्त्यावर येतात.

हिमालयाच्या बाबतीत पेच उलटा होतो. तेथे ८ महत्तेचा भूकंप झाल्यास दिल्लीला मिनिटभराचा अवधी मिळेल, परंतु पहिल्या काही सेकंदांत तो ६.५ चा आहे की ८ चा, हे कळणार नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील सारा मिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नेमके हेच गणिताने मांडले. दूरच्या शहराला पुरेसा अवधी हवा असेल, तर भूकंप लहान वाटत असतानाच इशारा द्यावा लागतो आणि मग बहुतेक इशारे निष्फळ ठरतात. खात्री होईपर्यंत थांबावे, तर अवधी संपतो. किती खोटे इशारे सोसायचे हे शास्त्रज्ञांनी ठरवण्याची बाब नव्हे. ते त्या शहरातील लोकांनी ठरवायचे आहे. मेक्सिको शहराने ते ठरवले आहे. १९८५ च्या विध्वंसानंतर उभारलेल्या तेथील यंत्रणेचे भोंगे वर्षातून अनेकदा वाजतात, लोक शांतपणे रस्त्यावर येतात आणि काही न झाल्यास परत जातात.

भारतात रुरकी येथील आयआयटीने उभारलेली यंत्रणा उत्तराखंडात काम करते. चमोली ते उत्तरकाशी या पट्ट्यात मापक बसवून तिची सुरुवात झाली आणि ४ ऑगस्ट २०२१ रोजी 'उत्तराखंड भूकंप अलर्ट' हे मोबाइल ॲप सर्वांसाठी खुले झाले. पी लहरींच्या पहिल्या काही सेकंदांवरून महत्ता अजमावणे, हाच तिचाही पाया आहे. सप्टेंबर २०२३ पासून अँड्रॉइड फोनवरील इशारा सेवा भारतातही उपलब्ध झाली आहे आणि ती मराठीसह भारतीय भाषांत सूचना देते. टेबलावर निवांत पडलेला फोन तिच्यासाठी भूकंपमापकाचे काम करतो. फोनच्या सेटिंगमध्ये 'सुरक्षितता आणि आणीबाणी' या विभागात ती चालू आहे की बंद, हे पाहता येते.